दोन लाख चाळीस हजार

प्रिय भिंगरी,

पाकीट बघूनच कपाळाला आठ्या पडल्या असतील तुझ्या. घरात फोन आहे, फोनवर मेसेज आहेत, आणि ही बाई पानंच्या पानं काय लिहीत बसली, असंच ना? अगं, फोनवर तुझं काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. आजाराचं नाव काढलं की तुझ्या गॅसवर दूध उतू जातं, नाहीतर दाराची बेल वाजते. गेल्या चार महिन्यांत तुझ्याकडे इतकं दूध उतू गेलंय की त्यात अख्खी गल्ली न्हाऊन निघाली असती. म्हणून आज लिहितेय. आणि शेवटचं पान आधी वाचायची तुझी जुनी खोड आहे, ती आजच्या दिवस सोड. पहिल्यापासून वाच, बसून वाच.

बातमी सरळच सांगते, आडवळणाने सांगणं मला कधी जमलं नाही. माझ्या डाव्या अंडाशयावर गाठ आहे. मंगळवारी ऑपरेशन. आईला होतं तेच आहे का, हे गाठ बाहेर काढून तपासल्यावर कळेल, पण सर्जनबाई बोलताना माझ्याकडे न बघता फायलीकडे बघत होत्या, त्यावरून मी काय ते समजले. यातून मी वाचणार की नाही ते आत्ता कोणीच सांगू शकत नाही. लगेच रडायला लागू नकोस. मला काही दुखत नाही, खुपत नाही, परवापर्यंत मी तिसरा मजला न थांबता चढत होते. मला त्याचीच जास्त भीती वाटतेय. आत एवढं काही चाललं होतं आणि मला कोणी हाकसुद्धा मारली नाही. हाक मारली होती खरं तर. ती मी कशी ऐकली नाही, ते सांगते.

रक्त बघितलं की तुला घेरी येते, त्यामुळे आमच्या लॅबची मागची खोली तू कधी धड बघितलीच नाहीस. लांब ओटा, खिडकीखाली मायक्रोस्कोप, आणि ओट्याच्या टोकाला रक्त मोजायचं मशीन. त्याला एक बारीक सुई आहे. नळी तिच्याखाली धरली की ती खाली येते, एक घोट घेते आणि वर जाते. मिनिटभरात कागदावर आकडे येतात. लाल पेशी इतक्या, पांढऱ्या इतक्या, प्लेटलेट इतक्या. शंका आली की त्याच रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा, रंग द्यायचा आणि डोळ्यांनी बघायचं. लाल पेशी ताटल्यांसारख्या दिसतात, पांढऱ्या मोठ्या, आणि मधल्या मोकळ्या जागेत जांभळट चुरा पडलेला असतो. तो चुरा म्हणजे प्लेटलेट. खरोखरच चुरा आहे तो. हाडांच्या मगजात एक भलीमोठी पेशी असते, तिचे तुटून पडलेले तुकडे. त्यांच्यात केंद्रक नसतं, म्हणजे डोकंच नाही म्हण ना. आठ-दहा दिवस जगतात. मुख्य काम एकच, रक्तवाहिनीला कुठे भोक पडलं की धावायचं आणि बुजवायचं. कोणाचं भोक, बुजवावं की नाही, हे विचारायला डोकं लागतं.

आता दुसरी गोष्ट. लॅबमध्ये मला सगळे पट्टी म्हणतात, ते माझ्या उंचीवरून असं तू आजवर समजत आलीस. तसं नाही ते. मशीन बरोबर मोजतंय का हे तपासायला कंपनीकडून एक बाटली येते. तिच्यातल्या रक्ताचा आकडा किती यायला हवा ते तिच्यावर छापलेलं असतं. ती बाटली लवकर खराब व्हायची आणि वेळेवर तर कधीच यायची नाही. तेव्हा आमच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी, लॅब ज्यांची त्यांनी, बावीस वर्षांपूर्वी एक युक्ती काढली. महिनाभर रोज माझं रक्त मोजलं. प्लेटलेट दोन लाख चाळीस हजार. सर्दी असो, जागरण असो, घरात भांडण झालेलं असो, पाच-सात हजार इकडेतिकडे, बस्स. डॉक्टर म्हणाले, ही बाई नाही, ही पट्टी आहे. तेव्हापासून दर सोमवारी सकाळी मशीन सुरू केलं की पहिली नळी माझी. आकडा दोन लाख चाळीसच्या आसपास आला की मशीन ठीक. हलला, तर बिघाड मशीनमध्ये. बावीस वर्षांत तो दोनदा हलला आणि दोन्ही वेळा सुई चोंदलेली निघाली. मशीनं तीन बदलली, पट्टी तीच. मला त्याचा केवढा तोरा होता म्हणून सांगू! नवीन आलेल्या मुलींना मी दंड दाखवून सांगायची, हे बघा, हे मोजमाप आहे.

तेरा महिन्यांपूर्वीच्या एका सोमवारी आकडा आला दोन लाख एकसष्ट. मी नळी परत लावली. परत तेच. सुई धुतली, नळ्या साफ केल्या, तरी तेच. डॉक्टरांनी मान हलवली आणि म्हणाले, मशीन चढायला लागलंय, जरा खाली घे. मशीनच्या आत प्लेटलेटसाठी एक आकडा असतो. ते जे मोजतं त्याला त्या आकड्याने गुणून मगच कागदावर छापतं. तो आकडा मी थोडा कमी केला. माझी नळी पुन्हा लावली. दोन लाख चाळीस. डॉक्टर समाधानाने आपल्या केबिनमध्ये गेले. सात आठवड्यांनी पुन्हा तसंच. पुन्हा मी आकडा कमी केला, पुन्हा दोन लाख चाळीस. असं वर्षभरात मी आठ वेळा केलं, भिंगरी. प्रत्येक वेळी थोडंसंच. प्रत्येक वेळी माझ्याच हाताने. आणि दर सोमवारी कागद मला सांगत राहिला की तू होतीस तशीच आहेस.

मग तापाची साथ आली. त्या तापात प्लेटलेट उतरतात हे आता कोपऱ्यावरचा न्हावीही सांगतो. आमच्याकडे रांगा लागल्या आणि कोणाचंही रक्त लावा, आकडा कमीच. दीड लाख, एक लाख चाळीस. गावातले डॉक्टर फोन करून विचारायचे, अहो, ताप नसलेल्यांच्यासुद्धा उतरल्यात, काय भानगड आहे? आमचे डॉक्टर म्हणायचे, साथच तशी आहे. लोकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. काहींना तर भरतीसुद्धा केलं, सलाइन लावलं. नंतर कळलं की त्यातल्या कित्येकांना काहीसुद्धा झालेलं नव्हतं. ते आठवलं की मला मान वर करता येत नाही.

आकडा कमी आला की काच बघायची, हा नियम. म्हणून मी सकाळपासून मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायची. एका नजरेत जेवढं गोल दिसतं त्यातला चुरा मोजायचा आणि प्रत्येक ठिपक्याला पंधरा हजार धरायचे, हा आमचा जुना ठोकताळा. मशीन म्हणायचं दीड लाख, म्हणजे मला दहाएक ठिपके दिसायला हवेत. दिसायचे सोळा, सतरा. काच पुढे सरकवली तरी सोळा. दुसऱ्या माणसाची काच, तिथेही तेच. एकदा वाटलं रंग जास्त बसलाय. एकदा वाटलं रंगाचेच कण आहेत. नवा रंग केला, गाळून घेतला, चष्म्याचा नंबर तपासून आणला. तरी प्रत्येक माणसाच्या रक्तात मशीनला दिसत नव्हती इतकी गर्दी मला दिसत होती. भर सकाळची वेळ, खिडकीतून ऊन ओट्यावर आलेलं, बाहेर रिसेप्शनवरची मुलगी कोणाला तरी ओरडतेय, आणि माझ्या अंगावर काटा. मी काच सरकवायच्या आधीच ते ठिपके पुढे जाऊन थांबलेत, असं वाटायला लागलं होतं मला. हसू नकोस. मी भुताखेतांना मानणारी नाही हे तुला माहीत आहे. मी कोणाला सांगितलं नाही. बावीस वर्षांची पट्टी मी, आता हिचे डोळे गेले असं कोणी म्हणू नये म्हणून गप्प बसले.

एकदा गंमत म्हणून, खरंच गंमत म्हणून, मी माझी स्वतःची काच केली. पट्टीच्या रक्ताची काच कोण कशाला करतंय? बावीस वर्षांत केली नव्हती. बघितलं आणि डोळा काढून घेतला. परत लावला. एका गोलात तीसपर्यंत मोजलं आणि सोडून दिलं. लाल पेशींच्या मधे जागाच उरली नव्हती. बारीक, मोठे, एकमेकांना चिकटलेले पुंजके. मी ती काच घासून धुतली, पुसली आणि रॅकमध्ये ठेवून दिली. घरी येऊन भाजी चिरली. तुझ्या भावोजींनी विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही, डोळे दुखतात.

हे सगळं फुटलं ते एका निवृत्त ड्रायव्हरमुळे. आमच्याकडे त्याचा आकडा एक लाख सत्तावीस आला, तो घाबरून त्याच दिवशी दुसऱ्या लॅबमध्ये गेला, तिथे आला दोन लाख पस्तीस. दोन्ही कागद घेऊन तो आमच्या दारात उभा राहिला आणि त्याने जो काही उद्धार केला तो मी इथे लिहीत नाही. डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक. दुसऱ्या दिवशी मशीनवाल्याला बोलावलं. चुणचुणीत पोरगी आहे, पण आम्ही कंपनीच्या कोणालाही मशीनवालाच म्हणतो. तिने सीलबंद बाटली फोडली, मशीनला लावली आणि म्हणाली, अहो, हे जवळजवळ निम्मंच छापतंय! आतला आकडा बघितला. शंभर असायचा तो चोपन्नवर आला होता. कोणी केलं हे, असं तिने विचारलं. मी हात वर केला, शाळेत करतात तसा. तिने सगळं पुसून मशीन पहिल्यासारखं केलं. बाटली बरोबर आली. ड्रायव्हरचं रक्त ठेवलेलं होतं, तेही बरोबर आलं. खोलीतल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. डॉक्टर म्हणाले, चला, आता पट्टी लावा, म्हणजे मिटलं.

मी दंड पुढे केला. सुईने घोट घेतला. चार लाख चव्वेचाळीस हजार.

कोणीतरी हसलं, नळीची अदलाबदल झाली म्हणून. दुसरी नळी भरली. चार लाख शेहेचाळीस. मशीनवाली माझ्याकडे बघेना. ती मशीनकडे बघत हळूच म्हणाली, ताई, मशीन आता बरोबर आहे हो. एवढंच म्हणाली. खोलीत चार माणसं होती आणि चौघांनाही एकदम कळलं की वर्षभर चढत होतं ते मशीन नव्हतं. मी तिथल्या स्टुलावर बसले. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, केबिनमध्ये ये.

केबिनमध्ये त्यांनी जे सांगितलं ते मी तुला माझ्या भाषेत सांगते, कारण मला ते तेव्हापासून डोक्यातून जात नाही. गाठ वाढायला लागली की तिला रक्त लागतं. मग ती स्वतःच्या रक्तवाहिन्या उभ्या करते, पण घाईघाईत, कसेतरी जोडलेले नळ असावेत तशा. जागोजागी गळक्या. तशाच राहिल्या तर गाठ आतल्या आत रक्ताळेल, कुठेतरी डाग दिसेल, दुखेल, माणसाला पत्ता लागेल. पण हा चुरा तिथे धावतो. भोक दिसलं, बुजवलं. आपल्याच शरीरातले आपलेच, अगदी इमानदार, गाठीच्या नळांवर पहारा देत बसतात. काही गाठी तर त्यांना बोलावणं धाडतात. शरीराला निरोप जातो, आणखी पाठवा, आणि हाडांतला मगज आणखी बनवतो, म्हणून आकडा चढतो. आणि गाठीतली एखादी पेशी सुटून रक्तात पडली की हेच तिच्याभोवती जमतात, तिला पांघरूण घालतात. रक्तात पहारेकरी पेशी असतात, त्यांना बाहेरून फक्त आपलीच माणसं दिसतात. मग ती पांघरूण घेतलेली जाते कुठेतरी लांब, फुप्फुसात, यकृतात, आणि तिथे उतरते. डॉक्टर म्हणाले, प्रत्येक वेळी असंच होतं असं नाही, आणि आकडा चढला म्हणजे गाठ असलीच पाहिजे असंही नाही. लोह कमी असलं तरी चढतो, कुठे जुनं दुखणं मुरलेलं असलं तरी चढतो. पण तुझ्या आईचं मला माहीत आहे, तेव्हा सोनोग्राफी आजच करायची. आज म्हणजे आज.

मी तेव्हा काय विचार करत होते सांगू? गाठीवर चुरा जे करत होता तेच मी मशीनवर करत होते. कुठे काही बाहेर दिसलं की लगेच लिंपून टाकायचं. आठ वेळा.

आईचा पाय आठवतो तुला? तू तेव्हा कॉलेजात होतीस. पोटाचं कळायच्या पाच महिने आधी तिची डावी पोटरी सुजली, रक्ताची गुठळी निघाली आणि आपण सगळे म्हणत होतो, फार उभी राहते म्हणून. सोनोग्राफीहून परत आल्यावर मी तिची फाइल काढली. त्या पायाच्या वेळचा रिपोर्ट आमच्याच लॅबचा. प्लेटलेट पाच लाख वीस हजार. कोणी त्याभोवती गोल केलेला नाही. खाली सही माझी. मला नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती आणि मला एवढंच शिकवलेलं होतं की कमी असल्या की घाबरायचं. जास्त म्हणजे काय, भरपूर आहेत, चांगलंच. मी तसं आईला सांगितलंही होतं. ती खूश झाली होती.

आमचे डॉक्टर काही म्हणून काही फेकत नाहीत. तळघरात लाकडी पेट्यांतून वीस-वीस वर्षांच्या काचा आहेत. दुपारी जेवायच्या सुट्टीत मी खाली गेले, आईची काच शोधून काढली आणि वर आणून मायक्रोस्कोपखाली लावली. एकोणीस वर्षांत रंग उडून फिकट राखाडी झालाय, पण दिसतं. चुरा दिसतो, नुसता खच. काचेच्या कडेला, जिथे रक्त पातळ होत जातं तिथे, एक पेशी आहे. पांढऱ्या पेशीहून मोठी. तिच्या सगळ्या बाजूंनी चुरा असा बसलाय की मधलं काय आहे ते नीट दिसत नाही. तोंडावर पदर ओढून बसलेल्या बाईसारखी. मी ती डॉक्टरांना दाखवली. ते बघून म्हणाले, रक्त गोठू नये म्हणून नळीत घालतात त्या औषधामुळेही कधीकधी साध्या पेशीभोवती असं जमतं, यावरून काही ठरवता येणार नाही. खरं असेल ते. पण डॉक्टर गेल्यावरही मी ती काच खाली ठेवली नाही बराच वेळ. आई गेली तेव्हा तिच्या अंगावर शाल नीट करायला आपण दोघी वाकलो होतो ना, तसंच काहीतरी मला त्या काचेत दिसत होतं आणि मला तिथून उठता येईना. आई, तुझ्याच माणसांनी केलं गं हे, असं मी मोठ्याने बोलले. खोलीत तेव्हा कोणी नव्हतं म्हणून बरं.

त्यानंतरचे चार दिवस मी आणि डॉक्टर तेरा महिन्यांचे सगळे रिपोर्ट घेऊन बसलो. मी मशीनचा आकडा कधी किती केला त्याच्या तारखा मशीनच्या पोटात असतात, त्या मशीनवालीने काढून दिल्या. प्रत्येक रिपोर्टचा खरा आकडा काय असायला हवा होता ते परत मांडायचं. ज्यांना उगीच घाबरवलं त्यांना डॉक्टर स्वतः फोन करून माफी मागत होते. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणूस दिवसभर फोनवर शिव्या खात होता, एकदाही चिडला नाही. आणि दुसरी यादी त्यांची, ज्यांचा खरा आकडा जास्त होता आणि आम्ही तो कमी करून छापला. ठीक आहे म्हणून घरी पाठवले ते. त्या यादीत अकरा जण निघाले. दहा जणांना कालपर्यंत फोन झाले. त्यातल्या बहुतेकांचं काही निघणारही नाही, डॉक्टर म्हणतात. अकरावा फोन मी करते असं मी त्यांना सांगितलं आणि पाच वेळा फोन हातात घेऊन परत ठेवला.

चार महिन्यांपूर्वी तू दोन दिवस आली होतीस, भिंगरी. दोन घास खाल्ले की पोट गच्च होतं म्हणालीस, कंबरेचं सगळं घट्ट व्हायला लागलंय म्हणालीस, आणि मग खालच्या आवाजात, माझ्याकडे न बघता, आईला असंच व्हायचं का गं, असं विचारलंस. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून रक्त द्यायला तयार झालीस, डोळे घट्ट मिटून. ती नळी मी लावली. दोन लाख बासष्ट हजार आले आणि मी तो कागद तुझ्यासमोर नाचवत हसले. म्हटलं, बघ, तू पण पट्टीच निघालीस, ठणठणीत आहेस, जरा कमी खात जा. तेव्हा मशीन शंभराच्या जागी अठ्ठावन्न छापत होतं. तुझा खरा आकडा साडेचार लाखांच्या वर होता. तुझ्या दुधाचं आणि दाराच्या बेलचं गणित मला आत्ता सुटलंय, पोट अजून तसंच आहे ना तुझं? बोलू नकोस, मला माहीत आहे. हे पाकीट ज्यांनी तुझ्या हातात दिलं ते तुझे भावोजी बाहेर गाडीत बसलेत आणि तुला घेतल्याशिवाय ते परत फिरणार नाहीत, तसं त्यांनी मला वचन दिलंय. उद्या सकाळी नऊला तुझी सोनोग्राफी आहे, ज्या खोलीत माझी झाली तिथेच. त्यात काही नाही निघालं तर माझ्याशी हवं तेवढं भांड. निघालं तर लवकर निघू दे. तुझी तपासणी झाल्याशिवाय मी मंगळवारी त्या टेबलावर चढणार नाही, सर्जनबाईंना तसं सांगूनही आलेय आणि त्या माझ्यावर भयंकर चिडल्यात. ही विनंती नाही, धमकी आहे. तू मला विचारलं होतंस आणि मी हसले. मला आता दुसऱ्यांदा कोणाच्या अंगावर शाल नीट करायची नाहीये. चार दिवसांचे कपडे घे आणि खाली उतर, मी इकडे आमच्या दारात तुझी वाट बघत उभी आहे.

तुझीच, आणि उद्या तुझा हात धरून आत येणारी,
ताई